एका लाथेची दोन उत्तरे

आंबेडकरी वस्तीतला तरुण कोणता सिनेमा पाहतो, या प्रश्नाकडे आपल्याकडच्या विचारवंतांचे लक्ष क्वचितच जाते. संमेलनांमधून कवितेवर परिसंवाद होतात, आत्मकथनांवर चर्चा झडतात, जलशांच्या परंपरेवर प्रबंध वाचले जातात. ते व्हायलाच हवे. पण दिवसभर राबून आलेला आपला पोरगा रात्री मोबाइल हातात घेऊन काय पाहतो, याची चौकशी कोणी करीत नाही. तो मारामारीचा सिनेमा पाहतो. ब्रूस ली, जॅकी चॅन, जेट ली, टोनी जा, डॉनी येन. हिंदीत डब केलेले, तुकड्या-तुकड्यांनी, पुन्हा पुन्हा. त्याच्या बापाने हेच सिनेमे व्हिडिओवर दाटीवाटीने बसून पाहिले होते. वस्तीतल्या कराटे क्लासच्या भिंतीवर ब्रूस लीचा फोटो अजून आहे.

सुशिक्षित माणसे यावर नाक मुरडतात. ‘यांना हाणामारीशिवाय काही कळत नाही,’ हे वाक्य पांढरपेशा तोंडून आपण ऐकले आहे आणि अलीकडे आपल्यातल्याच चार पुस्तके वाचलेल्यांच्या तोंडूनही ऐकू येते. आम्हाला हे मान्य नाही. आमचे म्हणणे दोन भागांत आहे. पहिला भाग असा, की या तरुणाची आवड अडाणीपणाची नाही; तिच्यामागे स्वाभिमानाचा हिशोब आहे. दुसरा भाग असा, की या आवडीपाशीच थांबणे त्याला आणि चळवळीलाही परवडणारे नाही. त्याने गंभीर, संथ, माणसांच्या गोष्टी सांगणाऱ्या सिनेमाकडे गेले पाहिजे. तेही कोणी सुसंस्कृत म्हणावे यासाठी नव्हे, तर आपल्या लढाईची ती गरज आहे म्हणून.

आधी पहिला भाग. १९७२ सालचा ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ आठवा. गोष्ट शांघायची, परक्यांच्या अंमलाखालच्या शहराची. चेन झेन नावाचा तरुण एका बागेच्या दाराशी येतो. दारावरचा पगडीवाला पहारेकरी त्याला अडवतो आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवतो. कुत्र्यांना आणि चिनी माणसांना प्रवेश नाही. तेवढ्यात परक्या बाईचा कुत्रा बिनदिक्कत आत जातो. एक जपानी माणूस हसत सांगतो की कुत्र्यासारखा रांगत आलास तर तुला आत नेतो. मग जे व्हायचे ते होते, आणि शेवटी ब्रूस लीची लाथ हवेत उडालेल्या त्या पाटीचे तुकडे करते.

ज्या समाजाने महाड पाहिले त्याला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत होती, कुत्री-मांजरे पीत होती; बंदी फक्त माणसाला होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते तहान भागवण्यासाठी नव्हे, ही गोष्ट आपल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. शांघायच्या त्या बागेच्या नियमावलीत कुत्री आणि चिनी माणसे एकाच ओळीत नव्हती, वेगवेगळ्या कलमांत होती, असे अभ्यासक सांगतात. पण चिनी माणसाला तिथे बंदी होती हे खरे आणि ती १९२८ साली उठली हेही खरे. महाड आणि शांघाय यांच्यात हजारो मैलांचे अंतर होते. अपमानाची भाषा मात्र एकच होती. म्हणून ती पाटी फुटते तेव्हा आपला पोरगा शिट्टी वाजवतो. ती शिट्टी मारामारीला नसते, पाटी फुटल्याला असते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेल्या समाजाची लष्करभरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली. ‘लढाऊ जाती’ नावाचे एक थोतांड उभे राहिले आणि तुम्ही त्यात बसत नाही असे आपल्याला सांगण्यात आले. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. पिढ्यान् पिढ्या ज्याला सांगितले गेले की तुझे शरीर फक्त ओझे वाहण्यासाठी आहे, त्याला किरकोळ बांध्याचा, गोरा नसलेला, श्रीमंत नसलेला नायक आपल्या देहावर हुकमत मिळवताना दिसतो. हातात तलवार नाही, मागे खानदान नाही. जे आहे ते सरावाने कमावलेले. हिंदी सिनेमात त्या काळी असा नायक शोधून सापडत नव्हता. तिथला नायक गरीब असला तरी शेवटच्या रिळात तो कुठल्या तरी ठाकुराचा हरवलेला मुलगा निघायचा.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमध्ये सत्तरच्या दशकात कुंग-फूच्या सिनेमांना तोबा गर्दी होत असे. ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये ब्रूस लीच्या बरोबरीने जिम केली हा काळा कराटेपटू आहे. युद्धाने दुभंगलेल्या बोस्नियातील मोस्तार शहरात नोव्हेंबर २००५ मध्ये ब्रूस लीचा पुतळा बसवण्यात आला. मुसलमान, सर्ब आणि क्रोएट या तिघांनाही आपला वाटेल असा दुसरा माणूस त्या शहराला सापडेना. जगभरच्या दाबलेल्या माणसांनी या नायकाला उगाच जवळ केले नाही. आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली ते सालही १९७२ च. या दोन गोष्टींचा थेट संबंध जोडण्याचा अट्टहास आम्ही करणार नाही. हवेत काय होते, एवढेच त्यावरून कळते.

तेव्हा आवडीचे समर्थन झाले. आता दुसऱ्या भागाकडे येऊ.

‘फिस्ट ऑफ फ्युरी’चा शेवट किती जणांना आठवतो? पाटी फुटते हे सगळ्यांना आठवते. शेवटी चेन झेन दाराबाहेर उभ्या असलेल्या बंदूकधाऱ्यांच्या दिशेने झेप घेतो, चित्र हवेतच गोठते आणि गोळ्यांचा आवाज येतो. म्हणजे खुद्द त्या सिनेमालाही ठाऊक आहे की लाथेने पाटी फुटते, सत्ता फुटत नाही. १९७१ च्या ‘द बिग बॉस’चेही तेच. थायलंडमधला बर्फाचा कारखाना, बर्फाच्या लाद्यांतून चालणारा अमली पदार्थांचा धंदा, तो उघडकीला आणणारे कामगार एकेक करून बेपत्ता. कामगार जाब विचारतात, हाणामारी होते आणि नायकाची ताकद मालकाच्या लक्षात येते. मग मालक काय करतो? त्याला फोरमन करतो. त्याला जेवू घालतो, दारू पाजतो आणि बेपत्ता माणसांचा प्रश्न लांबणीवर टाकतो. ज्या चळवळीने महामंडळे, समित्या आणि लाल दिव्याच्या गाड्या यांच्या बदल्यात थंड झालेले आवाज पाहिले आहेत, तिने हा प्रसंग दहा वेळा पाहावा. पण बर्फाच्या कारखान्यातली मारामारी लक्षात राहते, फोरमनची खुर्ची विसरली जाते. मारामारीच्या सिनेमाची हीच मर्यादा आहे. त्यातला विचार मुक्क्याच्या आवाजात बुडून जातो.

दुसरी मर्यादा त्याहून मोठी. या सिनेमात अन्यायाला एक चेहरा असतो, एक बंगला असतो आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत नायक त्या बंगल्यात शिरतो. जात कोणत्या बंगल्यात राहते? २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मारणारे हात गावाचे होते. पण त्या गुन्ह्याचा प्रवास तिथे संपला नाही. तो पोलीस ठाण्यातून गेला, पंचनाम्यातून गेला, न्यायालयातून गेला. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना दोषी धरले, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. जातीचा प्रश्नच जणू तिथे नव्हता. भैयालाल भोतमांगे वर्षानुवर्षे न्यायासाठी झगडले आणि २०१७ साली गेले. या गोष्टीत लाथ कोणाला मारायची? कागदाला? कलमाला? पुढच्या तारखेला?

इथेच आपल्या लढाईचे खरे स्वरूप ध्यानात येते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी देशाला बजावले, की सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टे गाठायची तर रक्तरंजित मार्ग सोडा आणि घटनात्मक मार्ग धरा. हा मार्ग सोपा म्हणून त्यांनी सांगितला नव्हता. तो किती लांबचा आहे हे त्यांच्याइतके दुसरे कोणाला माहीत होते? चवदार तळ्याचे पाणी त्यांनी १९२७ च्या मार्चमध्ये ओंजळीत घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात सवर्णांनी तळे खासगी असल्याचा दावा कोर्टात लावला. खालचे कोर्ट, वरचे कोर्ट, मग मुंबईचे उच्च न्यायालय. निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. एका ओंजळीला दहा वर्षे! मारामारीचा सिनेमा २० मार्चला संपला असता, फार तर परतीच्या वाटेवर झालेल्या हल्ल्याच्या प्रसंगात नायकाने दहा-वीस जणांना लोळवले असते. पुढच्या दहा वर्षांचा सिनेमा कसा करायचा? त्यात साक्षी आहेत, कागद आहेत, दमलेली माणसे आहेत, घरातली आजारपणे आहेत, फुटलेले सोबती आहेत आणि तरीही न सोडलेला दावा आहे. ती दहा वर्षे दाखवू शकतो तो गंभीर सिनेमा. आपली लढाई संथ आहे. म्हणून संथ सिनेमा पाहण्याची सवय हा आमच्या लेखी चैनीचा विषय नाही, तो लढाईचा सराव आहे.

मग आपला तरुण या सिनेमापासून दूर का पळतो? कंटाळा येतो, हे एक कारण. दुसरे कारण मात्र न्याय्य आहे आणि ते मोकळेपणाने मांडले पाहिजे. या देशातला गंभीर म्हणवला जाणारा सिनेमा अनेक वर्षे दलित माणसाकडे फक्त मार खाणारा देह म्हणून पाहत आला. सत्यजित राय यांनी १९८१ साली प्रेमचंदांच्या कथेवरून ‘सद्गती’ केला. दुखी चांभार पंडिताच्या दारात उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता मरतो. पंडित त्याचे प्रेत दोरीने फरफटत नेतो. १९८० च्या ‘आक्रोश’मध्ये लहान्या भिकू हा आदिवासी जवळजवळ संपूर्ण सिनेमाभर मुका आहे. हे सिनेमे प्रामाणिक आहेत, त्यातला संताप खरा आहे, ओम पुरींचा अभिनय तर विसरता येत नाही. पण पडद्यावर आपल्यासारखा माणूस आला की तो मरणार किंवा गप्प राहणार, हे ज्याला आधीच कळते तो तरुण तिथे कशाला थांबेल? त्याने पाटी फोडणाऱ्या चिन्याला निवडले. ही निवड अभिरुचीच्या अभावातून आलेली नाही.

तरीही आम्ही म्हणू की ‘सद्गती’ पाहाच. पण दया गोळा करण्यासाठी नव्हे, डोळे उघडे ठेवून पाहा. दुखी मेल्यावर एक गोंड माणूस चांभारवाड्यात जातो आणि सांगतो की प्रेत उचलायला जाऊ नका. आणि कोणी जात नाही. पंडिताच्या दारात प्रेत पडून राहते आणि त्याला कोण हात लावणार या प्रश्नाने ब्राह्मणवाडा हादरतो. मेलेली जनावरे ओढायची नाहीत, हे महाडपासून आपल्याला सांगितले गेले. काम नाकारणे हे केवढे मोठे हत्यार आहे ते या सिनेमाच्या कोपऱ्यात दडले आहे. त्यावर कॅमेरा फार वेळ रेंगाळत नाही. म्हणूनच तिथे आपली नजर रेंगाळली पाहिजे. गंभीर सिनेमा पाहणे म्हणजे दिग्दर्शकापुढे मान डोलावणे नव्हे. त्याने काय पाहिले आणि काय पाहायचे राहिले, याचा हिशोब मांडणे.

राहिला कंटाळ्याचा प्रश्न. १९७८ चा ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ ज्याने पाहिला आहे त्याने कंटाळ्याची तक्रार करूच नये. लाऊ कार-ल्युंग यांच्या या सिनेमात गॉर्डन लिऊने साकारलेला तरुण शाओलिनच्या मठात विद्या शिकायला येतो. घाईघाईने सर्वांत वरच्या खोलीत शिरतो आणि बाहेर फेकला जातो. मग तळाच्या खोलीपासून सुरुवात. पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडांवरून तोल सांभाळत पलीकडे जायचे, तरच जेवण. हात ताठ पसरून पाण्याच्या बादल्या वाहायच्या. हात खाली आले तर दंडाला बांधलेली पाती बरगडीत घुसतात. सिनेमाचा केवढा तरी भाग हा सरावच आहे. तिथे कोणी कोणाला मारीत नाही. तरी आपला पोरगा श्वास रोखून पाहतो, कारण माणूस कसा घडतो ते त्याला पाहायचे असते. बादल्या वाहणारा भिक्षू इतका वेळ पाहू शकणारा प्रेक्षक गंभीर सिनेमाही पाहू शकतो. त्याला ती पात्रता नाही असे म्हणणाऱ्यांनी त्याला ओळखलेलेच नाही.

आणि त्या सिनेमाचा गाभा तर आपलाच आहे. सर्व पस्तीस खोल्यांची विद्या मिळवल्यावर तो भिक्षू छत्तिसावी खोली मागतो, जिथे मठाबाहेरच्या सामान्य माणसाला शिकवता येईल. मठाला हे चालत नाही. विद्या भिंतीआड ठेवणारे आणि ती भिंतीबाहेर नेणारे, हा झगडा जोतिराव-सावित्रीबाईंच्या महाराष्ट्राला नवा नाही. ब्रूस लीने अमेरिकेत ही विद्या चिनी नसलेल्यांना खुली केली. त्याचा तिथला पहिला शिष्य जेसी ग्लोव्हर हा काळा तरुण होता. चिनी परंपरा शाओलिनच्या विद्येचे नाते दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिधम्म या बौद्ध भिक्षूशी जोडते. इतिहासाच्या कसोटीवर ती दंतकथाच ठरते. पण बौद्ध मठात शील आणि सराव यांची जोड होती, एवढे तर त्या सिनेमातही दिसते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मारामारीच्या सिनेमाकडून गंभीर सिनेमाकडे जाणारी वाट कुठून आहे? ती मारामारीच्या सिनेमातूनच जाते. जेट लीचा ‘हीरो’ आपल्या पोरांनी पाहिलेला असतो. २००२ सालचा, डोळे दिपवणारा. छिन राज्याच्या राजाला मारायला निघालेला एक निनावी योद्धा राजाच्या अगदी जवळ पोहोचतो आणि शेवटी मारीत नाही. राज्य एक व्हावे म्हणून तो मरण पत्करतो. रंग सुंदर, तलवारी सुंदर. पण तात्पर्य काय? साम्राज्य मोठे, माणूस छोटा; तेव्हा मान तुकव. ज्याला राष्ट्राच्या नावाने गप्प बसायला सांगितले जाते त्याने हे तात्पर्य नीट तपासावे.

याच झांग यिमोऊ या दिग्दर्शकाने त्याआधी दहा वर्षे, १९९२ साली, ‘द स्टोरी ऑफ चिऊ जू’ नावाचा सिनेमा केला होता. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यात तलवार नाही, मारामारी नाही. आहे फक्त एक लाथ, आणि तीही सिनेमा सुरू होण्याआधीच मारली गेली आहे. चीनच्या शान्सी प्रांतातले खेडे. मिरची पिकवणारे कुटुंब. भांडणात नवरा गावच्या प्रमुखाला टोमणा मारतो की तुझ्या घरी कोंबड्याच निपजतात, म्हणजे मुलीच. प्रमुख त्याला नाजूक जागी लाथ घालतो. नवरा अंथरुणाला खिळतो. त्याची बायको चिऊ जू गरोदर आहे. ती एकच गोष्ट मागते. प्रमुखाने चूक कबूल करावी.

पोलीस अधिकारी तडजोड सुचवतो, दोनशे युआन भरपाई. प्रमुख नोटा तिच्या हातात देत नाही, जमिनीवर फेकतो. वेच, आणि वेचताना जितक्या वेळा वाकशील तितक्या वेळा माझ्यापुढे वाकलीस असे समज, असा त्याचा आव. ती एकही नोट उचलत नाही. मिरच्या विकून भाडे जमवते आणि पोट सांभाळत, नणंदेला बरोबर घेऊन गावाहून तालुक्याला, तालुक्याहून शहराला जाते. प्रत्येक ठिकाणी कागद मिळतो. जे हवे ते मिळत नाही. पुढे बाळंतपणात ती अडते तेव्हा तोच प्रमुख माणसे जमवून तिला दवाखान्यात पोहोचवतो. आई-मूल वाचतात. बाळाच्या समारंभाला ती त्याला सन्मानाने बोलावते, आणि त्याच दिवशी कायदा जागा होतो. नवऱ्याची बरगडी मोडल्याचे क्ष-किरणात दिसले, म्हणून प्रमुखाला पंधरा दिवसांची कोठडी. ती पोलिसांच्या गाडीमागे धावत सुटते. तिने शिक्षा मागितली नव्हती, पैसा मागितला नव्हता. तिने मागितला होता एक शब्द, आणि तो कुणीच दिला नाही. तिच्या गोंधळलेल्या चेहऱ्यावर सिनेमा संपतो.

आम्ही या गोष्टीला लाथेचे दुसरे उत्तर म्हणतो. पहिले उत्तर ब्रूस लीचे, लाथेला लाथ. दुसरे चिऊ जूचे, लाथेला प्रश्न. पहिल्या उत्तराने छाती फुलते. दुसऱ्या उत्तराने झोप उडते, कारण ते आपल्या दाराशी आलेले असते. अत्याचाराच्या प्रकरणात गावोगावी काय घडते? ‘घ्या पैसे आणि मिटवा. एकाच गावात राहायचे आहे.’ नोटा कधी हातात दिल्या जातात, कधी फेकल्या जातात. घेणारा गरजू असतो आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण न घेणारी, कागद छातीशी धरून एसटीने जिल्ह्याच्या गावी जाणारी बाई आपल्या प्रत्येक तालुक्यात आहे. तिच्यावर सिनेमा निघो न निघो, तिला ओळखायला शिकवणारा सिनेमा आपल्या तरुणाने पाहिलाच पाहिजे. आणि हेही ध्यानात घ्यावे, की मारामारीच्या सिनेमाने आपल्या मुलींना फारसे काही दिले नाही. लढणारा बहुतेक वेळा पुरुष आणि बहीण सूड घेण्याचे निमित्त. चिऊ जू कोणाच्या सुडाचे निमित्त नाही. लढाई तिचीच आहे.

अशीच दुसरी वाट जपानमधून जाते. अकिरा कुरोसावांचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) तलवारींसाठी पाहिला जातो. त्यांचाच १९५२ चा ‘इकिरू’ पाहा. सरकारी कचेरीत तीस वर्षे शिक्के मारलेला अधिकारी. वस्तीतल्या बायका घाण पाण्याचे डबके बुजवून मुलांसाठी बाग करा असा अर्ज घेऊन येतात. या खात्यातून त्या खात्यात फिरत फिरत त्या पुन्हा पहिल्याच टेबलापाशी पोहोचतात. महापालिकेत गटाराचा अर्ज घेऊन गेलेल्या कोणत्याही बाईला ही जपानी कचेरी ओळखीची वाटेल. त्या अधिकाऱ्याला कर्करोग झाल्याचे कळते आणि उरलेल्या दिवसांत तो ती बाग करून दाखवतो. तो गेल्यावर श्रेय कोण घेते आणि त्याच्या फोटोपुढे रडून शपथा घेणारे सहकारी दुसऱ्या दिवशी कचेरीत काय करतात, ते आम्ही सांगत नाही. शासकीय नोकरीत असलेल्या आपल्या बांधवांनी तरी ते स्वतः पाहावे.

आणि आता परदेशात जाण्याचीही गरज उरलेली नाही. प्रेताच्या जागी माणूस उभा करणारा सिनेमा आपल्या लोकांनी केला आहे. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४ साली पडद्यावर आला. डुक्कर पकडताना शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि ते कुटुंब जागच्या जागी उभे राहते. मारलेले डुक्कर खांद्यावर घेऊन बाबासाहेबांच्या आणि सावित्रीबाईंच्या चित्रांवरून ते पुढे जाते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पाहणाऱ्याच्या तोंडावर येतो. ब्रूस लीची लाथ पाटीवर बसली होती. हा दगड प्रेक्षकावर बसतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार लोकशाहीर नारायण कांबळे झाले. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते आपल्यातून गेले. गटारात उतरणाऱ्या कामगाराची बायको साक्षीत सांगते, की आत हवा आहे की नाही हे तो झुरळ बाहेर येते का यावरून ठरवायचा. ती आवाज चढवीत नाही, न्यायाधीश मान वर करीत नाही. तारखा पडत जातात. भैयालाल भोतमांगेंची वर्षे कशी गेली असतील ते या सिनेमात बसून कळते.

मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाल’मध्ये (२०१८) कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या तरुणाची कुत्री रेल्वेच्या रुळाला बांधून मारली जाते. त्याच्या जिवावर उठलेल्याला तो हरवतो, पण मारून टाकीत नाही. शेवटी तो मुलीच्या बापासमोर बसतो आणि मध्ये चहाचे दोन पेले उरतात. शांघायच्या पाटीपासून सुरू झालेला कुत्र्याचा आणि माणसाचा प्रश्न या दोन पेल्यांपाशी येऊन पोहोचतो. ज्याला अजून ठोसे हवेच आहेत त्याने पा. रंजित यांच्या ‘सारपट्टा परंबरै’पासून (२०२१) सुरुवात करावी. त्यात मुष्टियुद्ध भरपूर आहे, आणि रिंगणाबाहेर जात कशी खेळते तेही आहे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात, वाचनालयात, वसतिगृहात महिन्यातून एक सिनेमा दाखवा. पडदा आणि प्रोजेक्टर भीमजयंतीच्या वर्गणीतून येऊ शकतो. डीजेच्या एका रात्रीचे पैसे त्याला पुरावेत. पहिल्या महिन्यात ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ दाखवा, हसू नका, लाजू नका. दुसऱ्या महिन्यात ‘द स्टोरी ऑफ चिऊ जू’. सिनेमा संपला की अध्यक्षीय भाषण नको. एवढेच विचारा, की लाथ कोणी मारली, उत्तर कोणी दिले आणि तुमच्या गावात हे कसे घडले असते? पोरे बोलतील. आयाबहिणी तर जास्त बोलतील, कारण कागद घेऊन फिरल्या आहेत त्या. आणि आपल्या माणसांनी केलेला गंभीर सिनेमा लागला की तिकीट काढून पाहा. तो महोत्सवात टाळ्या मिळवून परत येतो आणि आपल्याच वस्तीत त्याला प्रेक्षक नसतो, ही अवस्था बदलली पाहिजे. नाहीतर आपल्या दुःखाचा अर्थ पुन्हा दुसरेच लावत बसतील.

कराटे शिकणाऱ्या पोराला कोणी कराटे सोडायला सांगू नये. ताठ उभे राहणारे शरीर चळवळीला हवेच आहे. पण एका लाथेनंतर दहा वर्षे दावा चालवायचा असतो, साक्षीदार टिकवायचे असतात, फेकलेल्या नोटांकडे न पाहता पुढची एसटी पकडायची असते. त्या सरावाची खोली शाओलिनच्या मठात नाही. ती आपल्या विहारात उघडावी लागेल, आणि ती उघडण्याचे काम उद्यावर टाकण्यासारखे नाही.